समर्थन, खुलासा आणि सबब

खानापूरच्या एका शिक्षिकांनी विचारले आहे की, ‘पाण्याच्या टाकीला झालेल्या विलंबाचे अधिकाऱ्यांनी समर्थन केले’ हे वाक्य बरोबर आहे, की तेथे ‘खुलासा केला’ किंवा ‘सबब सांगितली’ असे हवे. व्याकरणाने तिन्ही चालतात; शब्द ठरतो तो अधिकारी काय म्हणाले यावरून. घाई केली असती तर काम कच्चे राहिले असते, म्हणून थांबलो ते योग्यच झाले, असे त्यांचे म्हणणे असेल तर ते समर्थन. पाइप वेळेवर आले नाहीत, एवढेच सांगितले असेल तर तो खुलासा. पाइपांचे हेच कारण ऐकणाऱ्याला पटले नाही की त्याची सबब होते. म्हणूनच बातमीत ‘सबब’ लिहिणाऱ्याने आपण निवाडा देत आहोत हे ओळखून तो शब्द वापरावा.

मूळ अरबी ‘सबब’चा अर्थ नुसता ‘कारण’ असा आहे. ‘अर्जदार गैरहजर, सबब अर्ज निकाली’ या कचेरीतल्या मराठीत तो ‘म्हणून’ एवढ्याच अर्थाने येतो, आणि तेथे त्याला कसलाही डाग नाही. बोलण्यात मात्र तो बहाण्याकडे झुकला. शेजारच्या कन्नडमध्येही हेच घडले असून ‘सबूबु हेळबेड’ म्हणजे ‘सबबी सांगू नकोस’.

चूक उघडी पडल्यावर घाईघाईने केलेली जुळवाजुळव म्हणजे सारवासारव. शेणाने सारवले की जमिनीच्या भेगा वरून दिसेनाशा होतात, पण आत राहतातच. हा शब्द मला फार नेमका वाटतो.

खरा घोटाळा ‘समर्थन’ या शब्दात आहे. मराठीत त्याचा अर्थ पाठिंबा असाही होतो. कन्नडमध्ये पाठिंब्याला ‘बेंबल’ हा वेगळा शब्द असल्यामुळे ‘समर्थने’ बहुधा बचावाच्या अर्थाने येतो, आणि ‘समर्थिसिकोंडरु’ म्हटले की स्वतःचाच बचाव केला हे क्रियापदातूनच कळते. दोन्ही भाषांतली वर्तमानपत्रे वाचणाऱ्या बेळगाव-निपाणीकडील लेखकाने ते शब्दशः ‘समर्थन करून घेतले’ असे मराठीत आणले, तर इतरांकडून पाठिंबा मिळवला असा भलताच अर्थ निघेल. तेथे ‘आपल्या निर्णयाचे समर्थन केले’ असेच लिहावे. ‘आपल्या’ हा शब्द गाळू नये.