मिसिंग मारणारी जुनी 800: इंजिन खोलण्याआधी एक अंधारी रात्र द्या

दारव्ह्याकडच्या भाऊंचा प्रश्न असा: 1998 ची कार्बोरेटरवाली मारुती 800. उभी असताना बरी चालते, पण चौघं बसले आणि चढ लागला की झटके देते, मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही. पावसाळी सकाळी जास्तच. प्लग दोनदा बदलले, कार्बोरेटर धुऊन झाला, आता मिस्त्री म्हणतात इंजिनच खोलावं लागेल.

भाऊ, एवढ्यात इंजिन खोलू देऊ नका. लोड आला की आणि ओल असली की, या तुमच्याच दोन गोष्टींत बरंच उत्तर आहे. व्हॉल्व्ह जळाला असेल किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा ओढत असेल, तर गाडी आयडलिंगलाच थरथरते आणि रेस दिली की बरीच सुधारते. तुमचं उलटं आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो. त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची वायर किंवा डेल्कोचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण कच्चं असेल, तर करंट प्लगपर्यंत न जाता मधूनच बॉडीला जातो. ओलाव्यात ती वाट अजून सोपी होते.

रात्री लाइट गेली असेल तेव्हा, नाहीतर अंगणातला दिवा बंद करून, बोनेट उघडा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. फवारणीच्या बाटलीने वायरींवर आणि डेल्कोच्या झाकणावर पाण्याचा हलका शिडकावा करा, धार नको. कुठे निळी ठिणगी दिसते, तडतड ऐकू येते ते पाहा. हात लावू नका, गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा विजेवरचा आहे, तो मधेच सुरू होतो.

माझ्या स्वतःच्या 800 ने मला असंच तीन महिने छळलं होतं. दिवाळीनंतर कापूस पडवीत भरला होता आणि गाडी त्याला लागूनच उभी असायची. मी कॉइल बदलली, कार्बोरेटरची किट टाकली, पेट्रोलपंप बदलला. शेवटी अंधारात दिसलं की दोन नंबरची वायर खालच्या बाजूने उंदराने कुरतडली होती. वरून पाहिलं तर वायर नवीकोरी. म्हणून प्रत्येक वायर काढून, वाकवून, चहूबाजूंनी पाहा. कापूस घरात असेल तर नक्कीच.

ठिणगी दिसली नाही तर डेल्कोचं झाकण काढा. आत केसासारखी काळी रेघ असेल तर तो करंटचा रस्ता आहे. पुसून जात नाही, झाकणच बदला. झाकणातला मधला कार्बन आणि खाली फिरणाऱ्या रोटरचं टोक पाहा. वायरी मोटर वाइंडिंगवाल्याकडच्या मल्टिमीटरवर मोजून घ्या. लांबीप्रमाणे थोडा फरक चालतो, पण एकच वायर इतरांपेक्षा फारच वेगळी दाखवत असेल तर ती गेलेली आहे. लावताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2 चुकवू नका. नवीन प्लगचा गॅपही तपासा, 0.7 ते 0.8 मिमी हवा. डब्यातून निघाला म्हणजे बरोबरच असेल असं नाही.

मग प्लगांची अदलाबदल करा. आधी त्यांचे रंग लिहून ठेवा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. एकच प्लग धुतल्यासारखा पांढरा असेल तर रेडिएटरचं पाणी कमी होतं का ते पाहा. एक नंबरचा प्लग तीनला लावल्यावर मिसिंगही तीनला गेलं, तर दोष प्लगचाच.

इतकं करूनही फरक नाही पडला तरच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक बघा. एक सिलिंडर बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. पण आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, घट्ट टॅपेटनेही व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केट. मिस्त्रींनी हे मोजलं आहे का, ते त्यांना विचारा.

पेट्रोलचा संशय मला कमी वाटतो. त्याचा त्रास सहसा तिन्ही सिलिंडरना सारखा होतो, उन्हाळ्यात लाइनमध्ये वाफ धरते तसा. तरी बाटलीतलं पेट्रोल भरत असाल तर थांबवा. आणि आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. तेवढे पाहून घ्या.

तोवर गाडी यवतमाळला वगैरे लांब नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचं तेल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा आला तर ऑइल आधी बदला.

रात्रीची तपासणी झाली की कोणत्या नंबरला ठिणगी दिसली आणि तिन्ही प्लग कोणत्या रंगाचे निघाले ते लिहा, पुढचं तिथून सांगतो.