उभ्या गाडीसाठी चार्जर: आधी फ्लोट बघा, मग अँपिअर

तुमची कार आणि मोटरसायकल चार-पाच महिने उभ्या राहणार आहेत आणि प्रश्न आहे की दहा अँपिअरचा साधा चार्जर घ्यावा की एक अँपिअरचा छोटा मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली राखण्यासाठी जोडून ठेवायचा चार्जर. छोटा घ्या. पण घेताना बॅटरी भरल्यावर तो काय करतो, हे आधी बघा. महिनोन् महिने जोडून ठेवायचा चार्जर निवडताना हाच खरा निकष.

जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर बॅटरी भरली तरी करंट ढकलतच राहतो. व्होल्टेज साधारण 14.4 च्या वर गेलं की ॲसिडमधल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडू लागतात. काही तास असं चाललं तर फार बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे चाललं तर पाणी आटतं, प्लेट उघड्या पडतात. आणि सीलबंद बॅटरीत तर वरून पाणी घालायचीही सोय नसते. खोक्यावर ‘ट्रिकल’ (थोडाथोडा करंट देणारा) छापलेलं असणं पुरेसं नाही, कारण काही ट्रिकल चार्जर करंट कमी देतात, पण थांबत नाहीत.

चांगला मेंटेनर आधी बॅटरी 14.4 ते 14.7 व्होल्टपर्यंत नेऊन पूर्ण भरतो आणि मग स्वतःहून 13.2 ते 13.6 वर उतरतो. हाच फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरतं व्होल्टेज. काही मॉडेल पूर्ण बंद होतात आणि व्होल्टेज घसरलं की पुन्हा सुरू होतात, तेही चालतात. हिरवा दिवा लागल्यावर दुसऱ्या दिवशी चार्जर जोडलेला असतानाच टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. तेव्हाही 14 च्या वर दिसलं तर तो चार्जर परत करा.

आता एक अँपिअर पुरेल का? घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग मिळून उभी कार 30 मिलिअँपिअरच्या आसपास खाते असं धरा. दिवसाला 0.72 अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर), महिन्याला जवळपास 22. म्हणजे 45 अँपिअर-अवरची बॅटरी महिन्यात अर्धी उतरली. तरीही एक अँपिअर म्हणजे या खर्चाच्या तीसपट झालं, सांभाळायला भरपूर. मात्र पार उतरलेली कारची बॅटरी भरायला त्याला दोन दिवसांहून जास्त लागतील, म्हणून गाडी उभी करतानाच ती पूर्ण भरलेली असू द्या. मोटरसायकलची बॅटरी बहुधा 5 ते 9 अँपिअर-अवरची. तिला क्षमतेच्या एक दशांशाच्या आसपास करंट मानवतो. दहा अँपिअर तिच्यावर अत्याचार आहे.

बॅटरी उतरण्यापेक्षा ती उतरलेली पडून राहणं वाईट. चार्जर किंवा इंजिन चालू नसताना व्होल्टेज 12.4 च्या खाली असं आठवडे गेले की प्लेटवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग कितीही चार्ज केलं तरी गेलेली क्षमता पुरती परत येत नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालवायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. स्टार्टरने ओढलेलं तेवढ्यात कसंबसं भरून निघतं, बॅटरी काही पूर्ण होत नाही.

गाडीची जागा तापत असेल तर तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा चार्जर घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 20 मिलिव्होल्ट कमी लागतात. 40 अंशांना हा फरक 0.3 व्होल्टचा होतो.

आणखी एक चाचणी दुकानातच करून घ्या. चार्जर सुरू असताना प्लग काढा, पुन्हा लावा. बटण दाबून मोड निवडावा लागणारे काही चार्जर वीज परत आली तरी नुसते थांबून राहतात, आणि तुम्ही महिन्याने येऊन बघता तर बॅटरी बसलेली.

दोन गाड्यांना एकच चार्जर चालेल, पण दोन्ही बॅटऱ्या एकदम समांतर जोडू नका. पंधरवड्याने आलटून पालटून लावा. मोटरसायकलला फ्यूज असलेली कायमची वायर बसवली की सीट काढायची कटकट वाचते. कारला आधी लाल चिमटा प्लसवर, मग काळा बॅटरीपासून लांब चॅसिसच्या धातूवर, आणि प्लग सगळ्यात शेवटी. जागा हवेशीर हवी.

मोटरसायकलला लिथियम बॅटरी बसवलेली असेल, तर यातलं बरंचसं तिला लागू नाही. ती अर्ध्याहून थोडी जास्त भरून टर्मिनल सोडून ठेवा. सल्फेट काढणारा पल्स मोड असलेला चार्जर तिला लावूच नका.