मुलूख गेलेल्यांच्या कादंबऱ्या: रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचे प्रश्न

ज्या कादंबरीत कुणाचा तरी देश किंवा गाव दुसऱ्याने जिंकून घेतलंय, मग ती फँटसी असो नाहीतर ऐतिहासिक, तिच्यावर लिहिताना तुम्ही नेमकं कुठे अडता असं मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यातली पाच इथे घेतलीत, थोडी छोटी करून.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे. गाय गॅव्रिएल के यांच्या 'टिगाना'वर रिव्ह्यू लिहिला तर मित्र म्हणाले, जादूटोण्याच्या गोष्टीत कसला आलाय इतिहास. वर असंही म्हणाले की तू सगळी गोष्ट फोडलीस. मग सांगायचं तरी किती? (वाचक, सांगली)

पहिल्या आक्षेपाचं आधी बोलू, कारण तो मला अजिबात पटत नाही. 'टिगाना' १९९०ची. एका द्वीपकल्पात एकमेकांशी सतत भांडणारे छोटे छोटे प्रांत, सरळसरळ रेनेसाँच्या काळातल्या इटलीवर बेतलेले, आणि त्यांच्या या भांडणांचा फायदा घेऊन बाहेरून आलेले दोन जुलमी जादूगार निम्मा निम्मा मुलूख गिळून बसलेत. त्यातल्या ब्रँडिनचा मुलगा टिगानाच्या लढाईत मारला जातो. मग हा बाप सूड कसा घेतो, तर तो त्या प्रांताचं नावच पुसून टाकतो. लढाईच्या आधी जे तिथे जन्मले त्यांनाच ते नाव ऐकू येतं, बाकी कुणाच्या कानावर पडलं तरी ते टिकतच नाही, म्हणजे ती पिढी संपली की देशही संपला. आणि वर त्या मुलखाला नवं नाव दिलं जातं ते त्यांच्या जुन्या वैऱ्याच्या प्रांताचं, म्हणजे आता हा त्याचाच खालचा तुकडा.

आता हे सगळं जादूने झालंय म्हणून खोटं का? पोलंडची १७७२, १७९३ आणि १७९५ साली रशिया, प्रशिया आणि (१७९३ सोडून) ऑस्ट्रियाने वाटणी केली, नकाशावर पोलंड उरलाच नाही, आणि १८६३चा उठाव मोडल्यानंतर तर रशियाने आपल्याकडच्या भागाला सरकारी कागदात विस्तुला नदीकाठचा प्रदेश असं म्हणायला सुरुवात केली. आपल्या शेजारी गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागायचं. के यांनी एवढंच केलंय की असल्या हुकमाला शंभर टक्के यश आलं तर काय होईल ते दाखवलंय, आणि ते फँटसीतच दाखवता येतं. तुमच्या मित्रांना हे सांगा.

गोष्ट फोडण्याबद्दल म्हणाल तर नाव पुसल्याचं सांगितल्याशिवाय रिव्ह्यू लिहिताच येणार नाही, ते बिनधास्त सांगा. टिगानाची डायनोरा ब्रँडिनला मारायला म्हणून त्याच्या जनानखान्यात शिरते आणि त्याच्या प्रेमात पडते, हेही सांगायला हरकत नाही, कारण कादंबरीचा सगळा ताण त्यातच आहे. तिचं पुढे काय होतं ते मात्र नका सांगू. पण एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत नव्हती आणि ती यायलाच हवी होती असं मला वाटतं. टिगानाचा राजपुत्र अलेस्सान देश परत मिळवायला निघालाय, आणि त्या कामासाठी तो एका परप्रांतीय जादूगाराला त्याच्या मनाविरुद्ध स्वतःशी बांधून घेतो, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणारा माणूस दुसऱ्याचं स्वातंत्र्य काढून घेतो. के यांनी त्या जादूगाराला भरपूर बोलू दिलंय, तो चिडतो, शिव्या देतो, आणि वाचणाऱ्याला त्याचंही पटतं. आपल्या बाजूचा हा हिशोब लेखक मांडतोय की नाही, ते मी अशा प्रत्येक कादंबरीत बघते.

प्रश्न: ऐतिहासिक कादंबरीचा रिव्ह्यू लिहिताना तारखा आणि तपशील किती तपासायचे? एका रिव्ह्यूखाली लोकांनी माझ्या चुका काढल्या. (वाचक, नागपूर)

सगळं तपासत बसलात तर रिव्ह्यू कधीच पूर्ण होणार नाही. ज्या घटनेवर कथानक वळतं ती तपासा, जेवणाच्या ताटात मिरची त्या काळी होती का हे नंतर बघता येईल. पण एक सवय जरूर लावून घ्या, दोन साल लिहायची, एक गोष्ट घडते ते आणि दुसरं ती लिहिली गेली ते, कारण अशा कादंबऱ्यांचं निम्मं म्हणणं या दोन सालांच्या मधे असतं.

पोलंडचेच हेन्रिक सिएन्किएविच घ्या. त्यांच्या तीन मोठ्या ऐतिहासिक कादंबऱ्या १८८०च्या दशकात आल्या, वर सांगितलेला पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता आणि ते राहत होते रशियाच्या ताब्यातल्या वॉर्सात. गोष्ट मात्र सतराव्या शतकातली, पोलंड स्वतःच्या पायावर उभा होता तेव्हाची. लोकांच्या मनाला उभारी यावी म्हणून लिहिलं असं त्यांनी उघड म्हटलंय. वर्तमानपत्रात भाग यायचे आणि लोक वाट बघत बसायचे. आपल्याकडे ह. ना. आपट्यांनी त्याच सुमारास हेच केलं, 'उषःकाल' १८९५ ते ९७ मध्ये 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, गोष्ट शिवकाळाची आणि वाचणारे सगळे इंग्रजी अमलाखालचे. त्याच आपट्यांनी 'वज्राघात'मध्ये विजयनगरचा शेवट लिहिलाय, १५६५ची लढाई आणि एका साम्राज्याचं कोसळणं, आणि मला ती जास्त धाडसाची वाटते. हरलेल्या राज्याची गोष्ट गुलामीत असलेल्या वाचकाला सांगायला हिंमत लागते.

सिएन्किएविचबद्दल अजून एक सांगते. त्या तीनमधल्या पहिल्या कादंबरीत १६४८चा कोसॅकांचा, म्हणजे युक्रेनमधल्या लढवय्या लोकांचा, उठाव पोलिश सरदारांच्या नजरेतून येतो, आणि युक्रेनच्या वाचकांनी त्यावर पहिल्यापासून आक्षेप घेतलाय, कारण त्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या सुटकेचा लढा होता. म्हणजे ज्याचा देश गेलाय त्या लेखकानेही दुसऱ्या कुणाचा देश झाकून ठेवलेला असू शकतो. तुमच्या रिव्ह्यूत याला एक वाक्य तरी मिळायला हवं, नुसतं 'देशभक्तीने ओथंबलेली' लिहून काहीच कळत नाही.

प्रश्न: जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या लेखकाने हरलेल्यांवर लिहिलेलं मनापासून चांगलं म्हणावं का? मला ते गिल्टी फीलिंगमधून आलेलं वाटतं. (वाचक, कोल्हापूर)

तुमचा संशय बरोबर आहे, बऱ्याच वेळा तसंच असतं, पण म्हणून सरसकट नाकारू नका. टॉल्स्टॉयची 'हाजी मुरात' वाचा, छोटी आहे. टॉल्स्टॉय स्वतः तरुणपणी कॉकेशसमध्ये, म्हणजे रशिया तेव्हा जिंकून घेत असलेल्या डोंगराळ मुलखात, रशियन सैन्यात होता, आणि ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९१२ साली छापली गेली. तिच्यात एका गावावरच्या छाप्याचं वर्णन आहे. आधी छाप्याला निघालेला तरुण अधिकारी दाखवलाय, खुशीत, हवा छान आहे, लढाई म्हणजे त्याला मजा वाटते. पुढच्या प्रकरणात लोक गावात परत येतात. सादो नावाच्या माणसाचं घर पाडलंय, त्याच्या लहान मुलाला पाठीत संगीन खुपसून मारलंय, त्याने लावून वाढवलेली जर्दाळूची आणि चेरीची झाडं मोडून जाळलीत, मधमाश्यांची पोळी माश्यांसकट जाळलीत, आणि पाणवठा मुद्दाम घाण करून ठेवलाय म्हणजे पाणी भरता येऊ नये. मशीदसुद्धा घाण केलीय. आणि टॉल्स्टॉय म्हणतो की गावकऱ्यांना रशियनांबद्दल जे वाटत होतं तो द्वेष नव्हताच, ती माणसंच नाहीत असं त्यांना वाटत होतं.

ते प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचं आहे आणि त्यात लेखक कुठेही माफी मागत नाही, स्वतःचं दुःख सांगत नाही. तुमच्या प्रश्नाची कसोटी मी अशी लावते: जिंकणाऱ्यांच्या बाजूचा लेखक जेव्हा लिहितो तेव्हा पान कुणासाठी खर्च होतंय, जळलेल्या झाडांसाठी की जाळणाऱ्याच्या मनातल्या खळबळीसाठी. पहिलं असेल तर मनापासून चांगलं म्हणा.

प्रश्न: आमच्याकडे गोव्याच्या इतिहासावरच्या कादंबऱ्यांचे रिव्ह्यू वाचले की सगळीकडे 'वैभवशाली भूतकाळ' हाच शब्द. मला काहीतरी वेगळं लिहायचंय पण घरातल्या मोठ्यांना वाईट वाटेल अशी भीती वाटते. (वाचक, फोंडा)

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण तुम्ही जिथून लिहिताय त्या फोंड्यातच ही गोष्ट घडलीय. १५१०ला पोर्तुगीज आले, मग तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे आणले, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६०ला सुरू झालं ते १८१२पर्यंत चाललं. इतकं सोसलेल्या लोकांना आधीचा काळ वैभवाचा वाटला तर त्यात नवल नाही, आणि मोठ्यांच्या त्या भावनेला धक्का लावायची गरजही नाही.

पण कादंबरीकडून जास्त मागा. चिनुआ अचेबे यांच्या १९५८च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये गोरे लोक गावात येतात ते कादंबरी बरीच पुढे गेल्यावर. तोपर्यंत आपण नायजेरियातल्या त्या इग्बो गावात राहतो, सुरणासारख्या याम नावाच्या कंदांची लागवड, कुस्त्या, लग्नाची बोलणी, न्यायनिवाडा, सगळं बघतो, त्यामुळे ते मोडतं तेव्हा नेमकं काय मोडलं हे माहीत असतं. आणि त्याच गावात जुळी मुलं जन्मली तर रानात टाकून देतात, काही माणसांना वाळीत टाकलेलं असतं, आणि चर्चकडे सुरुवातीला जाणाऱ्यांत असेच लोक असतात. अचेबे स्वतः इग्बो, त्यांनी हे लपवलं नाही आणि त्यामुळे त्यांच्या गावाबद्दलचं प्रेम एक कणभरही कमी झालेलं दिसत नाही.

तुमच्या रिव्ह्यूत हेच विचारा. देव नदीपलीकडे नेताना होडी कुणी वल्हवली, ज्यांना देवळात शिरू देत नव्हते त्यांचं त्या दिवशी काय झालं, जे मागे राहिले आणि बाटले त्यांच्या घरात दुसऱ्या दिवशी काय शिजलं? कादंबरीत ही माणसं असतील तर त्यांच्याबद्दल लिहा, नसतील तर ती नाहीत हे लिहा. घरातल्या मोठ्यांना आधी वाचून दाखवा, त्यांच्याकडे अशा गोष्टी असतात ज्या कुठल्याच पुस्तकात नाहीत, आणि कुणी नीट विचारलं तर ते सांगतातही.

प्रश्न: आमचा इथे मराठी वाचकांचा ग्रुप आहे. सेथ डिकिन्सनची 'द ट्रेटर बारू कॉर्मोरंट' वाचली, निम्म्या लोकांना ती कोरडी वाटली, नुसते हिशोब आणि नोटा. शिवाय नायिका फितूर. अशा पात्राला रिव्ह्यूत कसं मांडायचं? (वाचक, न्यू जर्सी)

हिशोब आहेत म्हणूनच ती मला आवडते! २०१५ची कादंबरी. बारूच्या बेटावर लढाईच होत नाही म्हटलं तरी चालेल, आधी एका साम्राज्याचा व्यापार येतो, मग कागदी पैसा, मग शाळा, आरोग्याचे नियम, कुणी कुणाशी संसार करायचा याचे नियम, आणि एक दिवस तिच्या दोन वडलांपैकी एक नाहीसा होतो. ती त्यांच्याच शाळेत शिकते, हुशार निघते, आणि ठरवते की या राज्यात वर चढायचं आणि आतून ते मोडायचं. तिला नेमतात दुसऱ्याच एका जिंकलेल्या प्रांतात, मुख्य हिशोबनीस म्हणून. ग्रुपमधल्या ज्यांना हे कोरडं वाटलं त्यांना आपल्याकडच्या इनाम कमिशनची, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या कमिशनची, आठवण करून द्या. पेशवाई १८१८ला बुडाली, पण गावोगावच्या इनामदारांच्या दारात इंग्रजी राज्य खरं पोचलं ते १८५२च्या कायद्यानंतर, सनद दाखवा नाहीतर जमीन सोडा. अशी दफ्तरं वाचताना हात थरथरतात आणि तिथे एकही तलवार नसते.

फितूर पात्राबद्दल. तो शब्द रिव्ह्यूत लगेच वापरू नका, आधी त्या माणसाकडे निवडायला काय काय होतं ते लिहा. इव्हो आंद्रिच यांच्या १९४५च्या 'द ब्रिज ऑन द ड्रीना'मध्ये बोस्नियातल्या खेड्यांतून ऑटोमन (तुर्की) सैनिक सुलतानाच्या चाकरीसाठी लहान मुलं उचलून नेतात, आया मागून रडत ओरडत पळतात आणि त्यांना चाबकाने हाकलतात. नदीच्या काठावर त्यातल्या एका मुलाच्या छातीत कळ उठते. तो मुलगा पुढे सुलतानाचा वजीर मेहमेद पाशा होतो आणि त्याच जागी, विशेग्राडला, दगडी पूल बांधून घेतो, तो १५७७च्या सुमाराला पूर्ण झाला आणि आजही उभा आहे. आता तो पूल त्याने आपल्या मायदेशाला दिलाय, पण बांधणारे गावकरी वेठीला धरलेले, आणि कामात मोडता घालणाऱ्या एकाला सुळावर चढवतात ते वर्णन वाचवत नाही. आंद्रिच पाशाला गद्दारही म्हणत नाहीत आणि उपकारकर्ताही म्हणत नाहीत, तीनशेहून जास्त वर्षांत पुलावरून कोण कोण गेलं ते सांगत राहतात. तुमच्या ग्रुपने बारूनंतर हीच वाचायला घ्यावी, आणि दोन्हींवर मिळून एकच रिव्ह्यू लिहावा. लिहिलात तर आमच्याकडे पाठवा, लांब झाला तरी चालेल.