अ‍ॅनोरेक्सियामुळे लक्ष आणि मेंदूची माहिती हाताळण्याची पद्धत बदलते का?

हो, वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळायला लावणाऱ्या या मानसिक आजारात ती बदलते; बुद्धी कमी होते असे नव्हे, तर लक्ष अन्न, वजन आणि शरीराचा आकार यांभोवती अडकून पडते आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमाकडे वळणे जड जाते. चाचण्यांत हे दिसून येते: रे-ऑस्टररीथ ही गुंतागुंतीची आकृती पाहून काढायला दिली, तर अनेक रुग्ण बाहेरचा मोठा आयत सोडून आतल्या एखाद्या बारीक तपशिलापासून सुरुवात करतात, तपशील नेटके उतरतात, पण पूर्ण आकृतीची मांडणी हातून निसटते. यातला बराच भाग निव्वळ उपासमारीचा असतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा तेही मन एकाग्र होत नसल्याची तक्रार करू लागले आणि त्यांच्यातले काही जण चक्क पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले; विशेष म्हणजे बुद्धिमत्ता चाचण्यांत मात्र घट आढळली नाही. तीव्र कुपोषणात मेंदूतील करड्या द्रव्याचे (चेतापेशींनी दाटलेल्या भागाचे) आकारमानही घटते, आणि वजन सावरले की ते बऱ्याच अंशी भरून येते. एवढे मात्र लक्षात घ्यावे की विचारांतला ताठरपणा काही जणांत वजन पूर्ववत झाल्यावरही उरतो, त्यामुळे तो आजाराचा परिणाम की मूळचा स्वभावविशेष, याबाबत संशोधकांत एकमत नाही.