छोटी डर्ट बाइक: वेगाआधी उंची बघा

डर्ट बाइक म्हणजे कच्च्या, मातीच्या वाटेवर चालवायची मोटरसायकल. त्यातली ५० सीसीची गाडी साधारण ताशी ४० ते ६० किमी पळते, ११० सीसीची ८०च्या आसपास. रायडरचं वजन, चढ आणि स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या चक्राचे) दात यांनुसार आकडा बदलतो. पण खरं सांगतो, भुसभुशीत मातीत ताशी ३० सुद्धा पुष्कळ वाटतात.

लहान मुलासाठी घेत असाल तर यामाहा पीडब्ल्यू५० बघा. गिअर बदलायची भानगड नाही, आणि थ्रॉटल (वेग देणारी मूठ) किती उघडेल ते एका स्क्रूने ठरवता येतं. सुरुवातीला कमीच ठेवा. ब्रेकवर हात बसला की थोडं थोडं वाढवा. नुसत्या सीसीवर मात्र जाऊ नका. केटीएम ५० एसएक्ससुद्धा ५० सीसीचीच, पण ती शर्यतीची गाडी आहे. नवशिक्या पोराच्या हाती ती कृपा करून देऊ नका.

थोड्या मोठ्या मुलांना आणि कमी उंचीच्या मोठ्यांना होंडा सीआरएफ११०एफ छान जमते. चार गिअर आहेत, हाताचा क्लच नाही. १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीची ताकद एकदम अंगावर येते, तिची घाई नको.

घेण्याआधी सीटवर बसून पाहा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हेल्मेट आणि घोट्याच्या वर येणारे बूट त्याच दिवशी घ्या.