बचत मुक्कामाची, फोमची नव्हे

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यंत्रदुरुस्तीच्या कामासाठी तुम्ही व्हॅन घेऊन फिरता, महिन्यातल्या साधारण 12 रात्री घराबाहेर जातात. आजवर त्या लॉजवर काढल्यात, आता त्याच गाडीत झोपायची सोय करायची आहे. गाडी 11 वर्षं जुनी, आणखी 5 वर्षं चालेल असा तुमच्या मेकॅनिकचा अंदाज. डिझेल हीटर बसवून झालाय, प्रश्न उरलाय पत्र्याला आतून काय लावायचं याचा. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: ठेकेदाराकडून पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा स्प्रे मारून घेणं, मेंढीची लोकर आणि कॉर्क, किंवा बबलचं चंदेरी फॉइल स्वतःच चिकटवणं. स्प्रेसाठी शिल्लक अपुरी पडते म्हणून उरलेल्या रकमेचं कर्ज काढायचा विचार आहे. आणि तुमचं गणित असं, की लॉजचं भाडं वाचणार, त्यामुळे हप्ता त्यातूनच सुटेल.

खर्च तुम्ही लॉजच्या भाड्यात मोजून पाठवलात ते फार बरं केलंत. मीही तेच माप ठेवतो: एक मुक्काम म्हणजे लॉजच्या एका रात्रीचं भाडं. स्प्रेचा खर्च 60 मुक्कामांएवढा, शिवाय गाडी दोन दिवस त्यांच्याकडे अडकणार, म्हणजे बुडालेल्या कामाचे आणखी 4. एकूण 64. लोकर-कॉर्कचं नुसतं सामान 35. फॉइल 7. हातातली शिल्लक 40. तुमच्या यादीत नसलेला चौथा पर्याय मी धरला: बंद पेशींच्या, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या, फोमच्या साध्या 25 मिलिमीटरच्या शीट स्वतः बसवायच्या. तुम्ही दिलेल्या दरांवरून सामान 18 मुक्कामांत बसतं. त्यात तुमचे चार दिवस जातील. स्वतःची मेहनत फुकट धरणं ही हिशोबातली सगळ्यात नेहमीची चूक, म्हणून त्याचे 8 धरले. एकूण 26.

तुमच्या गणितात एक गोष्ट निसटली आहे. लॉजचं भाडं वाचतं ते गाडीत झोपल्यामुळे. गाडीत झोपण्याजोगी ऊब कोणत्याही धड इन्सुलेशनने मिळणार असेल, तर ही बचत चारही पर्यायांच्या खात्यात सारखीच जमा होते. आंघोळ, कपडे, आजारपण यांसाठी महिन्याला 3 रात्री लॉजच्याच धरा, तरी 9 वाचतात. 26 मुक्कामांचा खर्च तीन महिन्यांत वसूल होतो, 64 चा सात महिन्यांत, वर व्याज. दोन्ही वसूल होतात, आणि म्हणूनच स्प्रेचं कर्ज परवडण्यासारखं दिसतं. पण तुम्हाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे जादा 38 मुक्काम मोजून जादा काय हाती लागतं?

तेवढंच मी कागदावर काढून पाहिलं. तुमच्या मापाच्या गाडीत छत, भिंती, दारं आणि तळ मिळून उघडा पत्रा अंदाजे 20 चौरस मीटर भरतो. आत-बाहेर 20 अंशांचा फरक धरला तर उघड्या पत्र्यातून सुमारे 2,350 वॅट उष्णता निघून जाते. त्यावर 25 मिलिमीटरची फोम शीट लावली की हा आकडा 450 च्या आसपास येतो. आणखी 25 मिलिमीटर लावा, 250. आणखी 25 लावा, 175. पहिल्या इंचाने 1,900 वॅट वाचवले, दुसऱ्याने 200, तिसऱ्याने 75. पत्र्याच्या आतल्या बरगड्यांमधून थोडी उष्णता जातेच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके गोंडस नसतील. पण उतरंड अशीच असते. पैसे पहिल्या इंचात घालायचे.

आता स्प्रे. पीयू फोम खरंच उत्तम रोधक आहे. त्याची उष्णतावाहकता 0.025 च्या आसपास (हा आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी निसटते). साध्या एक्सपीएस (दाबून बनवलेल्या पॉलिस्टायरीन फोमच्या) शीटची किंवा नायट्रिल रबराची 0.035 च्या जवळपास, लोकर आणि कॉर्क 0.04 च्या आगेमागे. 50 मिलिमीटर स्प्रे मारला तर गळती 185 वॅटवर येते. म्हणजे माझ्या 25 मिलिमीटरच्या शीटपेक्षा साधारण 270 वॅट कमी. आठ तासांच्या झोपेत हे झाले 2.2 युनिट. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते, हीटर त्यातली 8 गाडीत देतो असं धरलं, तर एका कडाक्याच्या रात्रीचा फरक पाव लिटरहून थोडा जास्त डिझेलचा! वर्षाच्या 108 रात्रींपैकी निम्म्या तशा थंड धरा. वर्षाला 15 लिटर, पाच वर्षांत 75 लिटर. तुमच्याकडे 75 लिटर डिझेलला काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. 38 मुक्कामांच्या जवळपासही ते जाणार नाही.

एवढ्यावरच मी स्प्रेला नाही म्हटलं असतं, पण मला त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की छताच्या पन्हळीजवळ गंजाचे ठिपके दिसू लागलेत. स्प्रे फोम पत्र्याला कायमचा चिकटतो. तो गंजावर बसला, तर गंज कुठवर पोचला हे पत्रा भोकं पडेपर्यंत कळणार नाही. वायरिंग त्यात गाडलं जातं. दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं बेफिकीर कारागिराकडून बुजतात. उद्या बाजूने कुणी धडक दिली, तर पत्रा ठोकण्याआधी किंवा वेल्डिंगआधी तो फोम खरवडून काढावा लागतो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तो पेट घेऊ शकतो. ज्याची गाडी फिरायला आहे त्याला हा त्रास आहे. तुमची गाडी म्हणजे दुकान. ती आठवडाभर गॅरेजात पडली तर कमाई थांबते आणि हप्ता मात्र थांबत नाही. पुन्हा उघडून बघता येत नाही अशा गोष्टीत, 11 वर्षांच्या गाडीवर, उसने पैसे घालू नका. विकतानाही या खर्चाची वसुली धरू नका. जुनी कामाची गाडी घेणारा इंजिन आणि सांगाडा बघतो.

फॉइलबद्दल थोडक्यात. चंदेरी पृष्ठभाग उष्णता परतवतो, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची पोकळी लागते. पत्र्यावर सपाट चिकटवलं की त्याची किंमत चार मिलिमीटरच्या बबलएवढीच उरते, आणि 1,400 वॅट तरीही जातात. ते भिंतीसाठी घेऊ नका, काचांसाठी घ्या. पुढच्या केबिनच्या काचा साधारण 3 चौरस मीटर असतात आणि 20 अंशांच्या फरकाला त्यांतून 350 वॅट जातात. इन्सुलेशन केलेल्या सगळ्या पत्र्यातून जातात 450, म्हणजे फार जास्त नाहीत! काचेच्या मापाचे तुकडे कापून, कडेला कापडाची पट्टी शिवून रात्री बसवा. या सबंध कामात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त देणारी गोष्ट हीच आहे. शिवाय झोपायची जागा आणि केबिन यांच्यामध्ये जाड पडदा टाका.

लोकरीबद्दल मला आदर आहे. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल शोषून घेते आणि नंतर सोडते, हाताळायला सुखाची असते, वाकड्यातिकड्या खोबणीत सहज बसते. पण ती शोषते ती ओल वाळवायला कोरडी हवा आणि वेळ लागतो. तुमच्या गाडीत भिजलेली हत्यारं येणार, पावसातले बूट येणार, पुन्हा दार बंद होणार. कसर लागू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकरच घ्यावी लागते, ती महाग. कॉर्क जड आहे: 20 चौरस मीटरला 25 मिलिमीटर म्हणजे जवळपास 60 किलो. एक्सपीएस तेवढ्याच जागेला 16-17 किलो. हत्यारांनी आधीच भरलेल्या गाडीत हा फरक टायर आणि ब्रेक सोसतात. (वजनाचं निघालंच आहे तर, भिंतीला 9 मिलिमीटर प्लाय लावायचा बेत सोडा, 20 चौरस मीटरला तो एकटाच 100 किलोच्या वर जातो. हत्यारांच्या बाजूला प्लाय, झोपायच्या बाजूला पातळ पॅनेल किंवा कापड.) ग्लासवूल तुम्ही विचारलं नाहीत ते बरं. हादऱ्यांनी ते खाली बसतं आणि ओलं झालं की तसंच राहतं.

ओलीचं मी इतकं का लावून धरतोय? झोपलेला एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण 300 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आत 18 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर 10 अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं, आणि थंडीतला पत्रा त्याहून कितीतरी गार असतो. गॅसवर काही गरम करत असाल तर आणखी भर: एक किलो प्रोपेन जळला की 1.6 किलो पाणी तयार होतं. म्हणून शीट पत्र्याला पूर्ण चिकटलेली हवी, मागे पोकळी नको, सांधे टेपने बंद. म्हणजे आतली दमट हवा पत्र्यापर्यंत पोचतच नाही. आणि छताला छोटा पंखा हवाच. त्यातून थोडी ऊब जाते, ती जाऊ द्या. उन्हाळ्यात तर शीटपेक्षा तोच जास्त कामाला येईल.

शीट कोणती कुठे? छताला आणि वळणांना स्वतः चिकटणारं नायट्रिल रबर, कारण ते वाकतं आणि 100 अंशांपर्यंत टिकतं. एक्सपीएस 75 अंशांच्या पुढे मऊ पडतं, आणि रणरणत्या उन्हात गडद रंगाचं छत त्याच्या जवळ जाऊ शकतं. तळाला मात्र एक्सपीएसच, ते दाब सोसतं. त्यासाठी गोंद घेताना पॉलिस्टायरीनला चालतो का ते वाचा. साध्या सॉल्व्हंटच्या गोंदाने ते विरघळतं. थर्माकोल स्वस्त आहे, पण हादऱ्यांनी किरकिरतो आणि झिजतो.

तर 40 मुक्कामांच्या शिल्लकीतून 18 सामानाला. 3 गंज घासून प्रायमर मारायला आणि गळती शोधायला. 4 पंखा, काचांची झाकणं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यांना. गाडी हवाबंद होत जाईल तसा हा अलार्म अत्यावश्यक होत जातो, आणि तो सगळ्यात आधी घ्या अशी माझी कळकळीची विनंती आहे. झाले 25. उरलेले 15 हात न लावता वेगळ्या खात्यात ठेवा. तुमचे चार दिवस बुडतील त्यांचे 8 यातूनच निघतील, पण पहिल्या महिन्याची लॉजची बचत जवळपास तितकीच आहे. ती खर्चू नका, थेट त्याच खात्यात भरा. दुसऱ्या महिन्यापासूनची बचतही काही काळ तिथेच जाऊ द्या. गाडी 11 वर्षांची आहे, पुढचं मोठं बिल इंजिनाचं किंवा क्लचचं येईल आणि तेव्हा तुम्हाला कर्जाच्या दारात उभं राहावं लागू नये.

काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. बिलं जपून ठेवा आणि गाडीत किती रात्री कामासाठी काढल्या याची वही ठेवा; यातला कोणता भाग व्यवसायाचा खर्च धरता येईल ते तुमचा हिशोबनीस त्यावरूनच ठरवेल.

आणि सगळा माल एकदम मागवू नका. आधी छताचा गंज साफ करा, प्रायमर वाळू द्या, तेवढ्याच भागाला रबर शीट लावा आणि दोन आठवडे गाडी नेहमीसारखी वापरा. त्यात एकदा तरी पाऊस आणि एक-दोन मुक्काम येऊ द्या. मग एका कोपऱ्यातली शीट सोलून मागचा पत्रा बोटाने तपासा. कोरडा निघाला की उरलेल्या शीट मागवा.