सासूबाई म्हणतात, दमा तुझ्या माहेरचा

ताई, नमस्कार. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, सासर वर्ध्याकडच्या खेड्यात. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि थंडीत रात्र रात्र छाती घरघरते. माझी आई बिड्या वळायची आणि ओढायचीही. मी पोटात असतानाही ओढायची, हे तिनंच मला सांगितलं होतं. बोलता बोलता मी ते सासूबाईंना सांगून बसले. आता पोराला धाप लागली की त्या म्हणतात, ‘तुह्या मायच्या बिडीनं माह्या नातवाची छाती खाल्ली.’ आई जाऊन चार वर्षं झाली. मी स्वतः कधी बिडीला हात लावला नाही. नवरा ओढतो, बारा वर्षांचा असताना ढोरं चारायला जायचा तेव्हापासून. पण घरात नाही, अंगणात. सासरेही ओढतात. त्यांची बिडी पेटवून आणायला मोठ्या जावेच्या तेरा वर्षांच्या पोराला चुलीकडे पाठवतात. सासूबाई म्हणतात ते खरं असू शकतं का? आणि आम्ही दुसरं मूल होऊ द्यावं की नाही?

बाई, तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी सरळ उत्तर देते. सासूबाई म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. पण गोष्ट तेवढीच नाही, आणि उरलेली गोष्ट तुझ्या सासरच्या अंगणातली आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातल्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली छापून आले. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, गरोदरपणात सिगारेट ओढली असेल तर नातवंडाला दमा होण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. मधल्या आईनं स्वतःच्या गरोदरपणात सिगारेट ओढली नसली तरीही. तुझ्या घरची हकीकत हुबेहूब तशीच आहे, म्हणून तुझ्यापासून लपवत नाही.

हे कसं होत असावं तेही ऐक. बाईच्या पोटात मुलगी असते तेव्हा त्या मुलीच्या अंगात तिची सगळी स्त्रीबीजं जन्माआधीच तयार होतात. म्हणजे तू आईच्या पोटात होतीस तेव्हा तुझ्या मुलाचं अर्धं बीजही तिथंच होतं. बिडीचा धूर आईच्या रक्तातून तिघांपर्यंत पोचला. जनुकं बदलत नाहीत, पण कोणतं जनुक कधी जागं व्हावं आणि कधी झोपून राहावं, याच्या खुणा त्यांच्यावर असतात. धुरानं त्या खुणा हलत असाव्यात, असा संशोधकांचा कयास आहे.

आता त्या आकड्याला किती धरून बसायचं? फार नाही. पुढे नॉर्वेत हजारो मायलेकरांची पाहणी झाली. तिथंही आजीच्या धुराचा परिणाम दिसला, पण बराच कमी. शिवाय असे अभ्यास पुष्कळ लेकरांचा हिशोब एकत्र मांडतात. तुझ्या एका पोराचा दमा नेमका कशानं आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर बोट ठेवून सांगू शकत नाही. तुझ्या सासूबाई तर मुळीच नाही.

आणि बोट ठेवायचंच असेल तर ते एकाच माणसावर का? उत्तर युरोपातल्या देशांत चोवीस हजारांहून जास्त मुलांची माहिती गोळा करून बापांकडे पाहिलं गेलं. ज्या बापांनी वयाच्या पंधराव्या वर्षाआधी धूम्रपान सुरू केलं, त्यांच्या मुलांमध्ये अ‍ॅलर्जीशी संबंध नसलेला दमा सुमारे तिप्पट आढळला. मूल जन्मायच्या कितीतरी वर्षं आधी सोडलं असलं तरी हा धोका दिसत होता. मिसरूड फुटायच्या वयात पुरुषबीज घडवणाऱ्या पेशी तयार होत असतात, आणि त्याच वेळी धूर आत जातो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा २०२२ चा अभ्यास आणखी एक पायरी मागे गेला. ज्या बापांच्या लहानपणी घरात आईवडिलांचा धूर होता, त्यांच्या मुलांना असा दमा होण्याची शक्यता ५९ टक्क्यांनी जास्त निघाली. तो बाप पुढे स्वतःही ओढू लागला असेल तर ७२ टक्क्यांनी.

तुझा नवरा बारा वर्षांचा होता. त्याच्या बापाचा धूर तो पाळण्यापासून घेत होता.

हे वाचून तुला हत्यार सापडल्यासारखं वाटेल. ते उगारू नकोस. भांडणात काढलंस तर नवऱ्याच्या मनात सल राहील आणि बिडी तेवढीच चालू राहील.

तुझ्या आईबद्दल मात्र बोलायचं आहे. भंडारा-गोंदियाकडच्या घरांत बिड्या वळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, आणि हजार बिड्यांच्या हिशोबानं मिळणारी मजुरी. ती तंबाखूची धूळ नाकात घेतच त्यांनी पोरं वाढवली. बिडीच्या बंडलावर चित्राचा इशारा आला तोच २००९ साली. तुझ्या गरोदर आईला सांगायला कोण आलं होतं? तिनं लपवलं नाही, तुला स्वतःहून सांगितलं. हे आठवत जा. पोराच्या धापेच्या वेळी ‘माझ्या माहेरचं’ असं स्वतःशी म्हणणं आजपासून बंद कर.

आता त्या तेरा वर्षांच्या पुतण्याकडे ये, कारण माझा जीव तिथंच अडकला आहे. मीही लहानपणी वडलांची बिडी पेटवून आणत असे. निखारा चिमट्यात धरायचा, बिडी ओठांत धरायची आणि दोन झुरके ओढायचे, नाहीतर ती विझते. जिभेवर कडू चव यायची. वडील म्हणायचे, ‘शायनी माही पोरगी.’ कोणालाच त्यात काही वाटायचं नाही. तुझा पुतण्या रोज हेच करतो, आणि त्याचं वय नेमकं तेच आहे. अजून दहा-पंधरा वर्षांनी त्याला लेकरं होतील. तुझ्या घरातली ही एकच गोष्ट अशी आहे की ती आज संध्याकाळी थांबवता येते.

ते सासूबाईंकडून करून घे. त्यांचा नातवावर जीव आहे म्हणून तर त्या इतक्या तुटून बोलतात. त्यांना म्हण, ‘आई, बिडीचा धूर नातवापर्यंत जाते, हे तुमचंच म्हणणं खरं आहे. मंग या पोट्ट्याले बिडी पेटवाले पाठवू नका.’ सासऱ्यांना त्या सांगतील, तू सांगितलंस तर चालणार नाही.

नवऱ्याला अंगणातल्या बिडीचं सांग. धूर कपड्यांना, केसांना, दाढीला चिकटून घरात येतो आणि पोरगा त्याच्याच कुशीत झोपतो. सोडायची असेल तर १८०० ११२ ३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तिथं सल्ला मिळतो. आणि बिडी सोडून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, धरू देऊ नकोस. त्यानं धूर थांबेल, पण तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी होईल.

बिडीइतकाच चुलीचा धूरही पोराला छळतो. पऱ्हाट्या-तुराट्या पेटवायच्या असतील तेव्हा पोरगा बाहेर असू दे, आणि सिलिंडर असेल तर निदान थंडीच्या दिवसांत तरी त्यावर स्वयंपाक कर. डास पळवायची अगरबत्ती त्याच्या खाटेखाली नको. फवारणी आणि मळणीच्या दिवशी त्याला वावरात नेऊ नकोस.

दम्याच्या पंपाची, म्हणजे तोंडातून औषध ओढायच्या इनहेलरची, सवय लागते असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. निळा पंप धाप लागल्यावर लगेच आराम देतो, पण आतली सूज कमी करत नाही. त्यासाठी रोज घ्यायचा वेगळा पंप असतो. तो चालू आहे का, ते डॉक्टरांना विचार, आणि पोरगा बरा दिसला म्हणून मनानं बंद करू नकोस. सहा वर्षांच्या पोराला पंप थेट तोंडात धरून नीट घेता येत नाही, तेव्हा स्पेसर, म्हणजे पंपाला लावायचं ते प्लास्टिकचं नळकांडं, मागून घे. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. स्पेसरमधून निळा पंप देत देतच मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

दुसऱ्या मुलाचं विचारलंस. या कारणासाठी मन मारू नकोस. दमा असलेल्या घरात दमा नसलेली लेकरं पुष्कळ जन्मतात. पण नवऱ्याला आधी बिडी सोडू दे, आणि निदान तीन महिने जाऊ दे, कारण नवं पुरुषबीज तयार व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात. त्याच्या बाराव्या वर्षाचं आता काही करता येणार नाही. तू गरोदर असशील तेव्हा मात्र घरात कोणाचीच बिडी नको, सासऱ्यांचीही नाही.

एक निळा पंप शाळेच्या दप्तरात ठेव आणि तो कसा द्यायचा ते शाळेतल्या बाईंना एकदा करून दाखव. वेचणी संपली की पत्र लिही. पोराच्या रात्री कशा गेल्या आणि पुतण्या आता चुलीकडे जातो का, ते कळव.